खर्जाची पेटी

रेडिओचे सुटे भाग आणून घरीच रेडिओ जुळविणारा एखादा मामा वा काका आपल्या समाजातील बहुतेक घरांत होऊन गेला आहे. त्या मंडळींचा वारसा आजही चालू आहे. फक्त साहित्य बदलले. पूर्वी व्हॉल्व्हच्या काचा आणि ट्रान्सफॉर्मरचे ओझे सांभाळावे लागे. आज तळहाताएवढ्या पट्टीवर शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर मिळतो आणि शाळकरी मुलगासुद्धा रविवारच्या दुपारी तो जोडून मोकळा होतो. परंतु या सुलभतेने एक प्रश्न सोडविलेला नाही, उलट अधिक ठळक केला आहे. मधले आणि वरचे स्वर लहानशा स्पीकरातून स्वच्छ येतात; खर्ज मात्र येत नाही. मग सबवूफर करावयाचे ठरते, आणि तेथे हौशी माणूस अडतो. वूफर दुकानात मिळतो, ॲम्प्लिफायरही मिळतो. पण तो वूफर ज्या पेटीत बसवायचा ती पेटी कोणत्या प्रकारची करावी, हे दुकानदार सांगत नाही.

प्रस्तुत लेखक मराठी भाषेचा शिक्षक. ध्वनिशास्त्र हा त्याचा अध्यापनाचा विषय नव्हे. तथापि शाळेच्या स्नेहसंमेलनापासून वस्तीतील गणेशोत्सवापर्यंत ध्वनिक्षेपकाशी त्याचा संबंध तीस वर्षे येत राहिला आहे, आणि माजी विद्यार्थी असले प्रश्न घेऊन अजूनही घरी येतात. म्हणून या महिन्याच्या सदरात या पेटीचा विचार थोडा नेटाने करू. वाचकांनी आकडेमोडीला भिऊ नये. आठवीच्या गणितापलीकडे येथे काही नाही.

प्रथम, खर्ज लहान स्पीकरातून का येत नाही? ध्वनी म्हणजे हवेची हालचाल. स्वर जितका खालचा, तितकी सेकंदाला कंपने कमी आणि तितकी प्रत्येक कंपनात अधिक हवा हलवावी लागते. त्याच मोठेपणाने एक सप्तक खालचा स्वर काढायचा, तर स्पीकरच्या कागदी शंकूला पूर्वीच्या चौपट अंतर पुढेमागे जावे लागते. दोन सप्तके खाली उतरायचे, तर सोळापट. तीन इंचाचा शंकू बिचारा किती धावणार? यास्तव मोठा शंकू आणि लांब पल्ल्याची हालचाल, ही खर्जाची पहिली अट होय.

दुसरी अट पेटीची. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, परंतु त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. दोन्ही बाजू उघड्या राहिल्या, तर पुढचा दाब कडेने वळून मागची पोकळी भरून काढतो आणि खर्ज जन्मतःच नाहीसा होतो. उघडा वूफर हातात धरून वाजविला की तो चिरका आणि पोकळ लागतो, त्याचे कारण हेच. चाळीस कंपनांच्या स्वराची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. तिला फळीच्या कडेने वळणे मुळीच अवघड नाही. तेव्हा पेटीचे मूळ काम एवढेच, की शंकूच्या पाठीमागून निघालेल्या ध्वनीला पुढच्या ध्वनीचा घात करू न देणे. या पाठीमागच्या ध्वनीचे करायचे काय, याची निरनिराळी उत्तरे म्हणजेच पेट्यांचे निरनिराळे प्रकार.

माझा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी हाच प्रश्न घेऊन आला. जुन्या इंदुरातील दोन खोल्यांचे घर. एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. घरात आजोबा. त्यांनी उमेदीची चाळीस वर्षे भजनी मंडळात आणि लहानसहान बैठकींत तबल्याची साथ केली. त्या बैठकींच्या पंचवीस-तीस कॅसेटी नातवाने संगणकावर उतरवून घेतल्या आणि टेबलावरच्या लहान स्पीकरांवर आजोबांना ऐकविल्या. आजोबांनी एक कॅसेट शांतपणे ऐकली आणि विचारले, “अरे, उजवा हात ऐकू येतो आहे, माझा डावा कुठे गेला?” डाव्या हाताखालचा डग्गा त्या स्पीकरांतून येतच नव्हता. आजोबांच्या बोटांना आता कंप आहे. स्वतः वाजविणे संपले. जे वाजविले ते पुरते ऐकू यावे, एवढीच त्यांची इच्छा. मुलाने शिकवण्या करून थोडे पैसे साठविले होते. एकच वूफर आणि एकच पेटी होईल, इतके. पेटी चुकली तर दुसरी करण्याची सोय नव्हती.

त्याने माझ्यापुढे जो कागद ठेवला त्यावर फार मोठी पेटी, दोन नळ्या आणि ‘वीस हर्ट्झ’ असा आकडा होता. मी म्हटले, “बाळ, आधी ऐकायचे काय ते ठरव, पेटी मागाहून.”

हे ठरविणे सोपे आहे. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल, तर त्याच्या तंबोऱ्याची जोडी सुमारे १३९ कंपनांवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ कंपनांवर बोलते. डग्ग्याचा घुमारा शंभराच्या आगेमागे, घिस्सा देताना वरखाली सरकणारा. चित्रपटसंगीतातील बास गिटारची आणि डबल बासची सर्वांत खालची तार ४१ कंपनांची. पियानोची शेवटची पट्टी साडेसत्तावीस. त्याखाली राहतात ते चर्चमधील प्रचंड ऑर्गनचे नळे आणि इंग्रजी चित्रपटांतील स्फोट. ज्या घरात शास्त्रोक्त गायन, नाट्यगीते, अभंग आणि जुनी चित्रगीते ऐकली जातात, त्या घराला वीस कंपनांची गरज नाही. पन्नासच्या आसपास प्रामाणिकपणे उतरणारी पेटी आपल्या संगीताचा सगळा संसार सांभाळते.

आणखी एक सावधगिरी. ज्या मुद्रणात खर्ज उतरलाच नाही, त्यातून तो कोणतीही पेटी बाहेर काढू शकत नाही. १९२५ च्या सुमारास विजेच्या साह्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले. त्यापूर्वीचे गायक-वादक कर्ण्यासमोर बसून गात-वाजवीत, आणि त्या तबकड्यांत खर्ज जवळजवळ नसतोच. त्या तबकड्या ऐकण्यासाठी सबवूफरवर खर्च करणे व्यर्थ. कॅसेटींचे तसे नाही. त्यांत खालचे स्वर बऱ्यापैकी टिकलेले असतात. आजोबांचा डावा हात कॅसेटीत होता. फक्त स्पीकरातून बाहेर पडत नव्हता.

आता पेट्यांकडे वळू. पण त्याआधी एक नियम लक्षात ठेवावा. अमेरिकेतील केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातील शेवटचे अक्षर ज्यांचे, त्या जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि जाणकार त्याला ‘लोखंडी नियम’ म्हणतात. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी प्रत्येकाला हव्या असतात. निसर्ग त्यांतील दोनच देतो. पेटी लहान आणि खर्ज खोल हवा, तर ॲम्प्लिफायर दांडगा लागतो. थोड्या विजेत मोठा आणि खोल आवाज हवा, तर पेटी कपाटाएवढी होते. जाहिरातीत तिन्ही गोष्टींचे वचन आढळले, तर त्यांतील एक खोटी आहे असे समजावे.

पहिला प्रकार बंद पेटीचा. ही सर्वांत साधी: सहा फळ्या, एक वूफर, कोठेही फट नाही. शंकूच्या पाठीमागचा ध्वनी आत कोंडला जातो आणि आतली हवा स्प्रिंगप्रमाणे शंकूला परत ढकलते. या हवेच्या स्प्रिंगचे महत्त्व अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी ओळखले. त्यापूर्वी शंकूला धरून ठेवणारी कडा मुद्दाम ताठ करीत; व्हिल्चर यांनी ती सैल केली आणि तिचे काम हवेवर सोपविले, कारण हवा कापडी कडेपेक्षा अधिक सारखेपणाने दाबते. १९५४ साली हेन्री क्लॉस यांच्यासह त्यांनी ॲकॉस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ नावाचा स्पीकर बाजारात आणला. तोवर खोल खर्जासाठी कपाटाएवढ्या पेट्या लागत. तोच खर्ज फडताळावर मावणाऱ्या पेटीतून येऊ लागला.

आपल्याला हे तत्त्व अपरिचित नाही. डग्गा म्हणजे काय? खालून बंद असे भांडे, वर चामडे आणि आत कोंडलेली हवा. आणि शंकू जड केला की त्याचा मूळ स्वर खाली उतरतो, हे तर पखवाजियाला शतकानुशतके ठाऊक आहे. तो डाव्या तोंडावर कणीक थापतो ती याचसाठी. ज्या इंदुरात होळकर दरबारी नाना पानसे यांच्या हातून पखवाजाची थोर परंपरा उभी राहिली, त्या गावातील मुलाला हे समजावून सांगण्यास मला दोन मिनिटेही लागली नाहीत.

बंद पेटीचे गणित असे. चांगल्या वूफरबरोबर माहितीचा एक कागद येतो. त्यावरील तीन आकडे आपल्याला हवेत. पहिला ‘एफएस’, म्हणजे मोकळ्या वूफरचा नैसर्गिक स्वर. दुसरा ‘क्यूटीएस’, म्हणजे तो शंकू किती चटकन थांबतो याचे माप. आकडा लहान तर लगाम घट्ट. तिसरा ‘व्हीएएस’, म्हणजे शंकूच्या कडेइतकीच लवचीक असणारी हवा किती लिटर. समजा, आठ इंची वूफरचे हे आकडे अनुक्रमे ३५, ०.४५ आणि ४० लिटर आहेत. ४० ला पेटीच्या लिटरांनी भागावे, त्यात १ मिळवावा आणि वर्गमूळ काढावे. पेटी २७ लिटरची धरली, तर ते येते सुमारे १.५७. या संख्येने ३५ ला गुणले की ५५, आणि ०.४५ ला गुणले की ०.७१. अर्थ असा, की ही पेटी ५५ कंपनांपर्यंत सपाट वाजेल आणि तेथून हळूहळू उतरेल; आणि ०.७१ हा आकडा शास्त्रज्ञांच्या मते उत्तम तोल दाखवितो. तो १ च्या पुढे गेला की खर्ज फुगीर आणि लोंबकळता होतो. तबल्याचा ठेका चिखलातून चालल्यासारखा लागतो.

येथे एक गंमत पाहा. आतून प्रत्येक बाजू नेमकी एक फूट ठेवली, तर पेटी भरते सव्वाअठ्ठावीस लिटर. वूफरच्या लोहचुंबकाने व्यापलेली जागा वजा केली की राहतात सुमारे सत्तावीस. सुताराला लिटर सांगायला नको. “आतून एक फूट चौरस” एवढे म्हटले की पुरे.

दुसरा प्रकार नळीच्या पेटीचा. बाजारात तिला पोर्टेड किंवा बास रिफ्लेक्स म्हणतात. रिकाम्या मटक्याच्या तोंडावर हलकी फुंकर मारली की तो एका ठरावीक स्वरात घुमतो. तोंडातील हवा म्हणजे वजन, पोटातील हवा म्हणजे स्प्रिंग. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात या घुमण्याचा अभ्यास केला. पेटीला नळी बसविली, की पाठीमागचा ध्वनी वाया न जाता नळीतून उलटा फिरून बाहेर पडतो आणि नळीच्या स्वराजवळ पुढच्या ध्वनीला साथ देतो. बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना या कल्पनेचे पेटंट १९३२ साली मिळाले. पुढे तीस वर्षे लोक अशा पेट्या अंदाजाने करीत आणि अंदाज बहुधा फसे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थिएल यांनी १९६१ साली तिचे गणित मांडले, आणि सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ च्या लेखांतून ते पूर्णत्वास नेले. वूफरच्या कागदावरील आकड्यांना या दोघांचेच नाव आहे.

आपलाच आठ इंची वूफर ४५ लिटरच्या पेटीत घातला आणि नळी ३२ कंपनांवर लावली, तर खर्ज तीस कंपनांच्या आसपास पोचतो. आतला व्यास साडेसात सेंटीमीटर असलेली नळी त्यासाठी सुमारे तेवीस सेंटीमीटर लांब लागते. वूफर तोच, पैसे जवळजवळ तेवढेच, आणि खर्ज जवळपास एक सप्तक खाली! मग बंद पेटी करावी कोणी?

मात्र या लाभाची किंमत आहे, आणि ती तीन ठिकाणी मोजावी लागते. एक, पेटी दीडपटीहून मोठी होते; दोन खोल्यांच्या घरात हा मुद्दा लहान नाही. दोन, नळीच्या स्वराखाली शंकूचा लगाम सुटतो. आतली हवा नळीतून मुकाट्याने ये-जा करते, स्प्रिंग उरत नाही, आणि तबकडीची घरघर किंवा माईकवर बसलेला धक्का यांसारख्या निरर्थक कंपनांवर शंकू मोकाट धावतो. प्रसंगी कॉइल आपटून वूफर निकामी होतो. यासाठी ॲम्प्लिफायरच्या आधी त्या कंपनांना अडविणारी जाळी, म्हणजे सबसॉनिक फिल्टर, असावी लागते. तीन, चूक सहन करण्याची शक्ती. बंद पेटीत पाच लिटर जास्त झाले, तर ५५ च्या जागी ५२ येतात आणि तोलही बिघडत नाही. नळीच्या पेटीत वूफरचे आकडे खरे नसले, किंवा नळी चुकीच्या लांबीची झाली, की एकच स्वर फुगून बसतो. मग प्रत्येक गाण्यात तोच ‘बूम’ ऐकू येतो आणि डग्गा कोणता, बास गिटार कोणती, हे ओळखेनासे होते. ज्याच्याजवळ वूफरचा विश्वसनीय कागद नाही, त्याने नळीच्या वाटेस जाऊ नये, हे बरे.

दोहोंत निवड करण्यास जाणकार एक ठोकताळा वापरतात. कागदावर ‘क्यूईएस’ नावाचा आणखी एक आकडा असतो. त्याने एफएसला भागावे. उत्तर ५० च्या खाली आले तर वूफर बंद पेटीचा, १०० च्या वर गेले तर नळीचा. मध्ये असले तर मालकाची मर्जी. आपल्या उदाहरणात क्यूईएस ०.५ धरला तर उत्तर येते ७०. म्हणजे वूफर दोन्हीकडे चालेल. निवड घराने करायची.

बाकीचे प्रकार थोडक्यात आटोपतो. पॉल क्लिप्श यांनी १९४६ च्या सुमारास खोलीच्या कोपऱ्यालाच भोंग्याचा भाग करणारा प्रसिद्ध स्पीकर केला. थोड्या विजेत त्याचा आवाज अफाट, पण पेटी कपाटाएवढी. लांब घडीच्या बोगद्याची ‘ट्रान्समिशन लाइन’ चाळीस कंपनांसाठी सुमारे दोन मीटर लांबीचा मार्ग मागते, सुतारकाम नाजूक. वूफर आतल्या कप्प्यात दडवून फक्त नळीतून आवाज सोडणारी ‘बँडपास’ पेटी मोटारींत लोकप्रिय झाली. ती थोड्याच स्वरांवर जोरात गरजते, म्हणून संगीतापेक्षा गोंगाटाला अधिक उपयोगी. पहिलीच पेटी करणाऱ्याने या तिन्हींना दुरून नमस्कार करावा.

निवडीचा शेवटचा पंच म्हणजे खोली. पुस्तकातील आकडे मोकळ्या मैदानाचे असतात. आपण चार भिंतींत ऐकतो. बारा फूट लांबीच्या खोलीत दोन भिंतींच्या मध्ये ४७ कंपनांची लाट उभी राहते. दहा फुटांत ५६ ची. अशा लाटेचा जोर भिंतींपाशी सर्वाधिक आणि खोलीच्या मध्यावर शून्यवत असतो. खोलीच्या नेमक्या मध्यभागी खुर्ची टाकणाऱ्या गृहस्थाला खर्ज का मिळत नाही, याचे उत्तर येथे आहे. वूफर बदलण्यापूर्वी त्याने खुर्ची सरकवून पाहावी. उलट, सर्वांत लांब लाटेच्याही खालचे स्वर लहान खोलीत कोंडले जाऊन बळावतात, आणि विटांच्या पक्क्या भिंती लाकडी भिंतींपेक्षा ते अधिक टिकवून धरतात. बंद पेटीचा खर्ज हळूहळू उतरतो. खोलीचा हा टेकू त्याला बरोबर सावरतो. नळीची पेटी मैदानात जी सपाट वाजते, ती अशा खोलीत फुगते. आपल्याकडील विटांच्या लहान खोल्यांत बंद पेटीला झुकते माप मिळते, ते यामुळेच.

पेटी ठेवायची कोठे, यासाठी एक सोपी युक्ती आहे. वूफर आपल्या खुर्चीच्या जागी ठेवावा, संथ लयीचा ठेका लावावा, आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेने कान जमिनीलगत नेऊन ऐकावे. जेथे डग्गा सर्वांत स्पष्ट आणि सर्व स्वर सारखे लागतील, तेथे पेटी ठेवावी आणि आपण खुर्चीवर बसावे. उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी ध्वनीचा मार्ग तोच राहतो, या नियमावर ही युक्ती उभी आहे. घरातील मंडळी हसतील, हसू द्यावीत.

आता सुतारकाम. अठरा मिलिमीटरचे प्लायवूड किंवा एमडीएफ घ्यावे; एक फुटी पेटीला कापणीचा तोटा धरून नऊ-दहा चौरस फूट पुरते. सांधे फेव्हिकॉल लावून स्क्रूने आवळावे, आतून प्रत्येक कोपऱ्यात पट्टी मारावी, आणि समोरासमोरच्या फळ्यांमध्ये एक आडवी दांडी घालावी म्हणजे फळ्या स्वतःच गाऊ लागत नाहीत. बंद पेटीचा प्राण म्हणजे हवाबंदपणा. वायर जेथून बाहेर येते ते भोक, वूफरची कड, सर्व बुजवावे. पारख अशी: शंकू दोन्ही हातांनी हलकेच आत दाबून सोडावा, तो सावकाश परत आला तर पेटी बंद, झटकन आला तर कोठेतरी फट. आत पॉलिएस्टरचा पिंजलेला कापूस सैलसर भरावा. त्याने पेटी किंचित मोठी असल्यासारखी वागते. जोडणी करताना टॉर्चचा एक सेल क्षणभर लावावा. शंकू पुढे आला तर सेलचे धन टोक ज्या खुणेला लागले ती वूफरची धन खूण. ऐंशी कंपनांच्या वरचे स्वर मुख्य स्पीकरांकडे आणि खालचे सबवूफरकडे अशी वाटणी करावी. ऐंशीच्या खाली आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीट कळत नाही. म्हणूनच एक पेटी दोन्ही बाजूंना पुरते आणि ती पडद्याआडही ठेवता येते.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी बंद पेटीच केली. त्याच्या आईने मोजमाप ऐकून एवढेच विचारले, की तिच्यावर शिवणयंत्र ठेवता येईल का. “पेटी वाजत नसेल तेव्हा,” असे उत्तर मिळाल्यावर घरातील विरोध संपला. पहिल्या दिवशी आजोबांनी खुर्ची भिंतीजवळ ओढून घेतली आणि एक जुना दादरा लावायला सांगितला. कॅसेट संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “डग्गा चढा लागला होता त्या दिवशी. तेव्हा कुणी सांगितले नाही.” त्यांचा आक्षेप आता स्पीकरावर नव्हता, स्वतःच्या वादनावर होता. पेटी बरोबर झाल्याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

एक विषय उरला, आणि तो गणिताचा नसून शेजारधर्माचा आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधी केंद्र सरकारचे २००० सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. पण ही मोजणी ज्या पद्धतीने होते, ती माणसाच्या कानाप्रमाणे खालच्या स्वरांना कमी लेखते. पन्नास कंपनांच्या ध्वनीतून ती सुमारे ३० डेसिबल वजा करून टाकते. त्यामुळे मापकाचा काटा निर्दोष ठरवितो असा घुमारा शेजारच्या खोलीत पितळी भांडी हलवू शकतो. वरचे स्वर भिंतीने अडतात. खर्ज भिंतीलाच हलवून पलीकडे जातो. ज्या घराची भिंत सामाईक आहे, त्याने पेटी त्या भिंतीपासून दूर ठेवावी, खाली जाड रबर घालावे, आणि पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांच्या घरात उभे राहून आपले संगीत ऐकून यावे. आवाजाची खूण तेथे उभे राहून ठरवावी, आपल्या खुर्चीत बसून नव्हे. बंद पेटी तीस-चाळीस कंपनांना आपोआपच आवर घालते. सामाईक भिंतीच्या घरात तिची ही उणीव हाच तिचा गुण ठरतो.

तात्पर्य, निवडीचा क्रम असा ठेवावा: आधी काय ऐकायचे ते, मग खोली, मग शेजारी, मग वूफरचा कागद, आणि सर्वांत शेवटी पेटी. ज्यांना इंग्रजी चित्रपटांचे गडगडाट हवे आहेत, ज्यांचे घर स्वतंत्र आहे आणि वूफरचा कागद खात्रीचा आहे, त्यांनी नळीची पेटी खुशाल करावी. ती वाईट नाही. परंतु तंबोरा, डग्गा आणि माणसाचा आवाज यांसाठी, पहिल्याच प्रयत्नात आणि बेताच्या पैशांत, आतून एक फुटाची बंद पेटी हे उत्तर पुष्कळ घरांना पुरेल. कागद वेगळा असेल तर वरचे वर्गमूळ पुन्हा एकदा काढावे. त्याला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही, आणि ती पाच मिनिटे सुताराकडे जाण्यापूर्वीच काढावीत.